शेऱ्याचा रकाना

लग्नात घनश्यामराव कुठे आहेत, असे बहेकारांच्या घराण्यात कोणी कोणाला विचारत नसे. ते कोठीत असत. मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या भट्टीपासून दहा पावलांवर, एखाद्या खोलीत नाहीतर ताडपत्रीच्या आडोशाला तांदळाची पोती, तेलाचे डबे, बुंदीची टोपली आणि पत्रावळींचे गठ्ठे रचलेले असत, आणि त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून, मांडीवर पुस्तक घेऊन घनश्यामराव बसलेले असत. आचाऱ्याची चिठ्ठी आली की चिठ्ठीत असेल तेवढेच सामान द्यायचे, वर एक दाणा नाही, हा कोठीचा पहिला नियम. पस्तीस वर्षे त्यांनी तो पाळला. नवरदेव कसा दिसतो हे बहुतेक लग्नांत त्यांना फोटो धुऊन आल्यावर कळले.

लोक म्हणत, किती सेवाभावी माणूस. खरी गोष्ट एवढीच होती की घनश्यामरावांना माणसांची भीती वाटे. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी बत्तीस वर्षे नोकरी केली तीही त्याच कारणाने. तिथे चारही भिंतींवर 'शांतता राखा' असे लिहिलेले होते. मांडवात कोणी पुढ्यात येऊन सहज "का म्हणते तब्येत" असे विचारले, तर त्याचे नीट उत्तर त्यांना तिसऱ्या दिवशी सुचे.

म्हणून पुतण्या गजेंद्र फेब्रुवारीत घरी आला आणि मुलीचे, श्रुतिकाचे, लग्न मे महिन्यात बालाघाटलाच गोंदिया रोडवरच्या लॉनवर ठरल्याचे सांगून गेला, तेव्हा आनंदाच्या बातमीसोबत त्याने एक धक्काही दिला. या वेळी कोठी नव्हती. धर्मेंद्र नावाचा केटरर सगळे पाहणार होता. सामान त्याचे, माणसे त्याची, ताटेसुद्धा त्याचीच. त्याला फक्त किती माणसे जेवतील तो आकडा आठवडाभर आधी हवा होता.

"काका, आता लय झालं मागं बसणं," गजेंद्र म्हणाला. "फेटा बांधा अन् गेटवर उभे राहा. येणाऱ्याचं स्वागत करा. माइकवर दोन शब्द बोला."

घनश्यामरावांची बायको कमला खूश झाली. पस्तीस वर्षे ती प्रत्येक लग्नात विधवेसारखी एकटी सोफ्यावर बसली होती, असे तिने गजेंद्रसमोरच बोलून दाखवले. फेटा, गेट आणि माइक या तीन गोष्टी मात्र घनश्यामरावांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

सुटका झाली ती श्रुतिकामुळे. ती पुण्याला वेबसाइटी बनवण्याच्या नोकरीत होती. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती बापाला म्हणाली, पाहुण्यांना एक लिंक पाठवू, किती जण येणार ते त्यांनीच भरावे, केटररला आकडा आपोआप मिळेल. पाने ती करून देईल. पण तिचे काम फ्रंटएंडचे. बॅकएंड दुसऱ्या कोणीतरी करायला हवे. घनश्यामराव कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी हळूच विचारले की बॅकएंड म्हणजे काय असते.

"आबा, लोकांना दिसते ते फ्रंटएंड. मागे बसून सगळं सांभाळते, पण कोणाले दिसत नाही, ते बॅकएंड."

"कोणालेच दिसत नाही?"

"कोणालेच नाही."

"मग ते मी करतो," घनश्यामराव म्हणाले.

सगळे हसले. गजेंद्र सर्वांत जास्त हसला, आणि हसण्याच्या भरात शब्द देऊन बसला: काकांनी हे जमवले, तर लॉनच्या मागे जनरेटरपाशी एक छोटी खोली आहे, तिथे टेबल, खुर्ची, पंखा, सगळे त्यांचे. नाही जमले, तर फेटा. घनश्यामरावांनी तारीख पाहिली. ऐंशी दिवस होते.

सासष्टाव्या वर्षी माणूस एखादी गोष्ट शिकायला घेतो तेव्हा ज्या मार्गाने तो आयुष्यभर शिकत आला त्याच मार्गाने जातो. घनश्यामरावांनी नागपूरहून सातशे बारा पानांचे पुस्तक मागवले. त्याला खाकी कव्हर घातले, वर नाव लिहिले, आणि प्रस्तावनेपासून वाचायला सुरुवात केली. लेखकाने आपल्या आईचे, दोन मित्रांचे आणि एका मांजराचे आभार मानले होते, तेही त्यांनी वाचले. पटलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायची त्यांची सवय होती. पहिल्या प्रकरणातले 'बॅकएंड वापरणाऱ्याला कधीही दिसत नाही' हे वाक्य त्यांना इतके पटले की त्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. महिन्याने श्रुतिकाने फोनवर विचारले, कुठपर्यंत आलं आबा. परिशिष्ट ब, ते म्हणाले. लॅपटॉप अजून उघडलाच नव्हता.

लॅपटॉप उघडल्यावर पहिल्याच दिवशी दोन तास गेले. पुस्तकात दिलेली ओळ त्यांनी एकेक अक्षर शोधून टाइप केली. पडद्यावर उत्तर आले की सर्व्हर चालू झाला आहे. पुढे काहीच आले नाही. घनश्यामराव वाट पाहत बसले. कमलाने जेवायला हाक मारली, तर ते म्हणाले, तो चालू आहे, असे मध्येच उठून जाणे बरे दिसत नाही. वरण गार झाले. शेवटी श्रुतिकाचा फोन आला तेव्हा उलगडा झाला की सर्व्हर आपणहून कधीच बोलत नाही. त्याला काही विचारावे लागते, मग तो विचारल्यापुरते उत्तर देतो आणि पुन्हा गप्प बसतो.

म्हणजे दोन तास दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले होते. घनश्यामरावांना एकदम भरून आले. आपल्या स्वभावाचे कोणी त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा भेटले होते.

त्या दिवसानंतर ते झपाट्याने शिकू लागले, अर्थात त्यांच्या मानाने झपाट्याने. चुका होत. प्रत्येक चुकीला सर्व्हर एक क्रमांक देई. पुस्तकात लिहिले होते, चारशेच्या घरातला क्रमांक आला तर चूक विचारणाऱ्याची, पाचशेच्या घरातला आला तर चूक सर्व्हरची. घनश्यामरावांना सारखे पाचशे येत. चला, चूक आपली नाही, म्हणून चार दिवस त्यांना फार बरे वाटले. पाचव्या दिवशी लक्षात आले की सर्व्हरचा प्रोग्राम लिहिणारे आपणच आहोत. त्या संध्याकाळी ते फिरायला गेले नाहीत.

पुढे श्रुतिकाची पाने आणि त्यांचा बॅकएंड जोडला गेला. घरच्याच चार माणसांकडून आकडे भरून घेतले: चार, सहा, दोन आणि पाच. एकूण जेवणारी माणसे चार हजार सहाशे पंचवीस, असे उत्तर आले. सर्व्हरने आकड्यांना अक्षरे समजून एकापुढे एक चिकटवले होते. गजेंद्रला हे कळले असते तर फेटा त्याच दिवशी आला असता, म्हणून घनश्यामरावांनी ते कोणाला सांगितले नाही आणि आठवडाभरात दुरुस्त केले.

खरी अडचण वेगळीच निघाली. आमच्याकडे आवतन, म्हणजे लग्नाचे बोलावणे, दोन प्रकारचे असते. एक साधे, घरटी एक-दोन माणसांचे. दुसरे चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना, लेकराबाळांसकट. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. गजेंद्रने सगळ्यांना चूलबंदच दिले होते. त्यामुळे वारासिवनीच्या रुख्माबाईंना, म्हणजे गजेंद्रच्या मावशीला, नमुन्यादाखल लिंक पाठवली, तेव्हा 'किती जण' या चौकोनात त्यांनी नातवाकडून सरळ 'चूलबंद' असे लिहून घेतले. सर्व्हर कोसळला. श्रुतिका म्हणाली, आकड्याशिवाय दुसरे काही आले तर परत पाठवायचे. पाहुण्याला परत कसे पाठवायचे, या विचाराने घनश्यामरावांची झोप उडाली. चार दिवस खपून त्यांनी मजकूर तयार केला: 'आपण लिहिलेले आम्हास समजू शकले नाही. चूक बहुधा आमचीच असावी. तरी कृपया संख्या लिहावी ही नम्र विनंती.' पुस्तकात याच कामासाठी दोन शब्द होते.

इथवर सारे ठीक होते. लिंक सर्वांना जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांच्यातला कोठीवाला जागा झाला.

पाहुणा सांगतो तो आकडा आणि येतो तो आकडा यांत अंतर असते, हे कोठीवाल्याला ठाऊक असते. कोणाच्या घरून चार सांगून किती येतात, कोण पहिल्या पंगतीला बसले नाही तर रुसून जाते, हे पस्तीस वर्षांचे ज्ञान घनश्यामरावांच्या डोक्यात होते आणि ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. धर्मेंद्रला नुसता सांगितलेला आकडा देणे म्हणजे फसवणूक, असे त्यांना वाटले. बॅकएंड तर कोणालाच दिसत नाही. त्यांनी पाहुण्यांच्या तक्त्यात आणखी तीन रकाने वाढवले. एक 'सांगतील', दुसरा 'खरे येतील', तिसरा 'शेरा'. ग्रंथालयातल्या प्रत्येक रजिस्टरला शेऱ्याचा रकाना असे. त्याशिवाय त्यांना तक्ता उघडा वाटे. मग दिवसभर बसून त्यांनी ब्याऐंशी घरांची माहिती सुवाच्य भरली, आणि श्रुतिकाने एका कार्डावर लिहून दिलेल्या तीन आज्ञा क्रमाने टाइप करून सगळे वर पाठवून दिले. वर म्हणजे सिंगापूरला. तिथल्या कुठल्याशा मशिनवर ते राहते, एवढे श्रुतिकाने सांगितले होते.

तिला या तीन रकान्यांबद्दल सांगायचे त्यांच्या मनातही आले नाही. आणि तिने, बिचारीने, 'कोण कोण येणार' असे एक पान हौसेने केले होते. सर्व्हर तक्त्यातले जेवढे रकाने पाठवील तेवढे ते पान मांडून दाखवी.

सकाळी दहाला लिंक परिवाराच्या ग्रुपवर गेली. घनश्यामराव पूजा आटोपून आले तेव्हा फोनवर एकतीस मिस्ड कॉल होते आणि कमला फोन हातात धरून खाली बसली होती. तिने तो त्यांच्यापुढे केला.

'रुख्माबाई, वारासिवनी. सांगतील ६. खरे येतील २. शेरा: स्वतः जेवत नाहीत, भाजीला नावे ठेवतात. म्हणतील म्हणून मीठ वाढवू नये.'

'राजेंद्र, लालबर्रा. सांगतील ५. खरे येतील ५. शेरा: सज्जन. पहिल्या पंगतीला बसवावे, नाहीतर जातात.'

'गजेंद्र, बालाघाट. शेरा: प्रत्येक आकडा वाढवून सांगतो. लहानपणापासून.'

'कमलाचे माहेर, कटंगी. सांगतील १०. खरे येतील १०. शेरा: कमलाला विचारल्याशिवाय काही लिहू नये.'

आणि सर्वांत वर, 'चैतराम, हट्टा. सांगतील ४. खरे येतील ११. शेरा: डबा सोबत आणतात. बुंदीची टोपली झाकून ठेवावी.'

चैतराम म्हणजे घनश्यामरावांच्या धाकट्या बहिणीचा, आनंदीचा, नवरा. घरचा जावई. ज्याला पाय धुवायला पाणी द्यायचे, त्याच्याबद्दल बुंदी झाकून ठेवावी असे लिहून ते ब्याऐंशी घरांना वाटले गेले होते.

"आपल्या घरातलं आपल्या घरात राहू द्यायचं सोडून सिंगापूरले काहून पाठवलं?" कमला एवढेच म्हणाली. नंतर तिला एक फोन आला, तो कटंगीच्या तिच्या वहिनीचा. ती वेगळ्याच कारणाने रागावली होती. सगळ्यांबद्दल एवढे लिहिले आणि आमच्याबद्दल काहीच नाही, आम्ही काय कोणी नाही का, असे तिचे म्हणणे होते. अशी तक्रार पुढच्या दोन दिवसांत आणखी सात घरांतून आली.

श्रुतिकाने तासाभरात ते पान बंद केले. ती हसत होती की रडत होती ते फोनवर कळले नाही. घनश्यामरावांनी पुस्तक उघडले. प्रकरण नऊ, पान तीनशे चाळीस. 'जेवढे मागितले आहे तेवढेच द्यावे. संपूर्ण ओळ कधीही पाठवू नये.' या वाक्याखाली त्यांच्याच पेन्सिलीची रेघ होती, समासात 'कोठीचा पहिला नियम' असे लिहिलेलेही होते. पस्तीस वर्षे चिठ्ठीशिवाय दाणा न देणाऱ्या माणसाने आख्खे पोते दारात नेऊन ओतले होते.

संध्याकाळी गजेंद्र आला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "काका, खोली राह्यली. आता तुम्ही गेटवरच उभे राहा. ज्याच्याबद्दल जे लिवलं, त्याची त्याच्यासमोर माफी मागा. ब्याऐंशी घरं आहेत."

घनश्यामरावांनी मान डोलावली. मग चाचरत एवढेच विचारले की धर्मेंद्रला आकडा कोणता देणार. गजेंद्र भिंतीकडे पाहत म्हणाला, तुमचाच.

लग्न दुपारी बाराच्या मुहूर्ताचे. दहापासून घनश्यामराव गेटवर उभे होते. केशरी फेटा कानांवर आला होता आणि हातात अत्तरदाणी होती. माफी मागण्यासाठी त्यांनी एक परिच्छेद पाठ केला होता, पण तो पूर्ण म्हणायची संधीच मिळेना, कारण जो येई तो त्यांच्यासमोर थांबून आपली माणसे मोजे. घराण्यात असे आजवर कधी घडले नव्हते. सहा सांगितले, हे पाहा सहा. तीन सांगितले, हे तीन. रुख्माबाई जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांच्यासोबत नातू आणि चार अनोळखी माणसे होती. संख्या भरावी म्हणून त्यांनी वारासिवनीच्या बसस्टँडवर भेटलेल्या ओळखीच्यांना बसवून आणले होते. "सहा," त्या म्हणाल्या, "अन् आज मी जेवणारच आहो." राजेंद्र आला, त्याने खाली वाकून नमस्कार केला आणि सज्जन हा शब्द आपल्या बायकोला पुन्हा एकदा ऐकवण्याची विनंती केली.

साडेअकराला हट्ट्याची गाडी आली. चैतराम उतरला, त्याच्यामागून त्याची दोन मुले आणि एक जावई. दार बंद झाले. घनश्यामराव गाडीकडे पाहत राहिले.

"आनंदी?" त्यांनी विचारले.

"चार सांगतले होते," चैतराम म्हणाला. "आकडा भरला."

"अन् घरचे बाकीचे?"

"ते तुह्या हिशोबातले आहेत घनश्यामभाऊ, माह्या नाही." एवढे बोलून चैतराम आत गेला आणि पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला. मी इथे पाण्याचा घोटही घेणार नाही, असे त्याने समोरच्या सरबतवाल्याला आपणहून सांगितले.

घनश्यामरावांच्या पाठ केलेल्या परिच्छेदात यावर काही नव्हते. त्यांना एकच गोष्ट सुचत होती. आवतन चूलबंद होते. आनंदी लहानपणापासून रीत मोडणारी नव्हती. म्हणजे हट्ट्याला त्या घरात सात माणसे होती, मे महिन्याची दुपार होती, आणि चूल पेटलेली नव्हती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. गजेंद्र मांडवात अडकला होता. मागच्या बाजूला धर्मेंद्रचा टेम्पो बर्फ आणायला निघत होता. घनश्यामराव अत्तरदाणी एका खुर्चीवर ठेवून धावत गेले आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले. कुठे जायचे बाबूजी, ड्रायव्हरने हिंदीत विचारले. "हट्टा," ते म्हणाले, आणि आपण एका अनोळखी माणसाला हुकूम दिला हे त्यांना पाच किलोमीटर गेल्यावर जाणवले.

हट्ट्याला बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, अलीकडे चैतरामचे घर. दार उघडेच होते. ओसरीवर आनंदी, दोन सुना, मुलगी आणि तीन लेकरे ओळीने बसली होती. सगळ्यांच्या अंगावर लग्नाचे कपडे होते. आनंदीच्या मांडीवर स्टीलचा चार खणांचा रिकामा डबा होता.

टेम्पोतून फेटा उतरताना पाहून लेकरे आधी घाबरली. घनश्यामराव अंगणात उभे राहिले. आवतन द्यायला घरातले मोठे माणूस जाते, दारात उभे राहून मोठ्याने बोलते. ते त्यांनी कधी केले नव्हते. नेहमी थोरला भाऊ करी, आणि तो आता नव्हता. त्यांनी घसा खाकरला. "गजेंद्रच्या पोरीचं लग्न आहे," ते म्हणाले, आणि आवाज जरा लहान वाटला म्हणून पुन्हा म्हणाले, "आज लग्न आहे. चूलबंद आवतन आहे. सगळ्यांनी या."

आनंदी उठली नाही. "लिवलं ते मी पाह्यलं," ती म्हणाली.

"माफी मागतो बाई. त्या बुंदीचं..."

"बुंदीचं खरंच आहे. पण दादा, डबा चाळीस वर्षं मी भरून राह्यली. मांडवात कोणी पाहून नाही राह्यलं असं पाहून, पदराआड धरून, घरी येईपर्यंत एक दाणा सांडू न देता. हे तर गाडीत झोपलेले राहतात. अन् नाव त्यांचं लिवलं तुनं."

ब्याऐंशी घरांची ब्याऐंशी नावे घनश्यामरावांच्या डोळ्यांपुढून गेली. रुख्माबाई आणि कमलाचे माहेर सोडले तर सगळी पुरुषांची होती, आणि रुख्माबाईंचेही नवरा वारल्यावरच वर आले होते.

"तुही वेगळी ओळ करतो," ते म्हणाले.

"मग चाल," आनंदी म्हणाली आणि उठली. निघताना तिने शेजारच्या घरातल्या एका मुलीलाही हाक मारून बरोबर घेतले. तिची आई शेतावर गेली होती आणि पोरगी एकटीच होती.

ड्रायव्हर मात्र आपल्या कामावर ठाम होता. बर्फ घेतल्याशिवाय धर्मेंद्रभाई आत येऊ देणार नाहीत, म्हणाला. त्यामुळे परतीच्या वाटेवर बर्फाच्या कारखान्यात गाडी थांबली, दहा लाद्या चढल्या, त्यावर पोती अंथरली गेली आणि पोत्यांवर जरीच्या साड्यांतली मंडळी बसली. ऊन रणरणत होते. इतक्या लग्नांना गेली पण असं गार कधी वाटलं नाही, असे आनंदी मागून ओरडून सांगत होती.

मुहूर्त होऊन गेला होता. अक्षता पडल्या होत्या, जेवणे सुरू झाली होती. चैतराम अजून त्याच खुर्चीवर, घडी तशीच. मागच्या फाटकातून ओल्या पोत्यांवरून आपले कुटुंब उतरताना त्याने पाहिले. तो उठून आला आणि घनश्यामरावांपुढे उभा राहिला.

"मोज," तो म्हणाला.

घनश्यामरावांनी मोजले. आधीचे चार. हे आठ. त्यांनी पुन्हा मोजले.

"बारा," ते म्हणाले.

"किती लिवलं होतं?"

"अकरा."

"चुकला तुहा हिशोब," चैतराम म्हणाला. लिंक गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. मग भेटेल त्याला तो सांगत सुटला की घनश्यामभाऊचा हिशोब चुकला, सिंगापूरचा कॉम्प्युटरही चुकला, आणि चारदा वाढून घेऊन जेवला. ताटे मात्र पुरली. रुख्माबाईंच्या बसस्टँडवरच्या माणसांपासून शेजारच्या मुलीपर्यंत सगळे जेवून धर्मेंद्रकडे नऊ ताटे उरली. असा आकडा आजवर कोणी दिला नाही, असे तो गजेंद्रला म्हणाला. रुख्माबाईंनी भाजीत मीठ कमी असल्याचे सांगितले. कोणी वाढवले नाही.

घनश्यामराव जेवायला बसले ते कमला आणि आनंदी यांच्या मध्ये. समोरून कोणी ना कोणी येऊन त्यांना स्वतःचा शेरा विचारत होते आणि ते चाचरत का होईना, उत्तर देत होते. माइकवरचे दोन शब्द तेवढे राहून गेले. गजेंद्रला आठवण करून द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. जनरेटरपाशी एक खोली आहे, तिथे पंखा आहे, हे त्यांना हात धुताना आठवले.

लग्नानंतरच्या सोमवारी त्यांनी लॅपटॉप उघडला. आधी प्रकरण नऊ समोर ठेवून दुरुस्ती केली: यापुढे सर्व्हर नाव आणि आकडा एवढेच बाहेर देणार होता. मग 'आनंदी, हट्टा' अशी नवी ओळ घातली. शेऱ्यापाशी अडले तेव्हा ज्या माणसाने आपणहून कोणाला कधी फोन केला नव्हता त्याने बहिणीला फोन केला आणि काय लिहू असे विचारले.

"डबा माझा आहे, इतकं लिव," ती म्हणाली.

"अन् किती येतील?"

"आकडा लिवू नको. आकड्यानंच घोटाळा केला. चूलबंद लिव."

त्यांनी 'किती जण' या चौकोनात चूलबंद असे लिहिले आणि बटण दाबले. क्षणभर काही झाले नाही. मग उत्तर आले: 'आपण लिहिलेले आम्हास समजू शकले नाही. चूक बहुधा आमचीच असावी. तरी कृपया संख्या लिहावी ही नम्र विनंती.'

घनश्यामरावांनी ते दोनदा वाचले. मजकूर चांगला होता. चार दिवस फुकट गेले नव्हते. त्यांनी पेन्सिलीला टोक काढले, खाकी कव्हरचे पुस्तक जवळ ओढले, आणि नियम कुठे बदलायचा ते शोधू लागले.